वय विचारू नका, ब्रेक तपासा

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात काढायची, हा समज आपल्याकडे आता इतका पक्का झाला आहे की त्यामागचं कारण कुणी विचारत नाही. एखाद्याने जुनी सुमो, जिप्सी किंवा महिंद्राची एमएम ५४० चेसिसपर्यंत उघडली, गंज काढला, ब्रेक आणि वायरिंग नव्याने घातलं आणि ती पुण्याहून थेट तंजावरपर्यंत न्यायचं ठरवलं, की तीन बाजूंनी हरकती येतात. पर्यावरणाची काळजी वाहणारे म्हणतात, ही गाडी धूर ओकणार. सुरक्षिततेचा विचार करणारे म्हणतात, हिच्यात एअरबॅग कुठे आहे? आणि जुन्या गाड्यांवर जीव लावणारेच काही जण म्हणतात, मूळचे सुटे भाग बदललेत तर ती गाडी तीच राहिली कुठे? तिन्ही हरकतींत तथ्य आहे आणि त्या झटकून टाकण्याचा माझा हेतू नाही. पण त्यांतून निघणारा निकाल, म्हणजे जुनी गाडी एक तर मोडीत घाला नाही तर शोभेला ठेवा, हा मला सपशेल चुकीचा वाटतो. गाडी दूरच्या प्रवासाला लायक आहे की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. ती आज कोणत्या अवस्थेत आहे, आणि वाटेत बिघडली तर तिथल्या माणसाला ती दुरुस्त करता येईल का. आधुनिकीकरण करायचं तेही याच दोन कसोट्यांना उतरेल तेवढंच. तंजावरच्या आसपासचा मुलूख या वादात साक्षीला बोलावण्यासारखा आहे, म्हणून हा लेख त्या वाटेने जातो.

तंजावरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर तिरुवारूरला त्यागराजस्वामींचं देऊळ आहे. तिथला रथ, आळित्तेर, सजवून उभा केला की ९६ फूट उंच भरतो. तमिळनाडूतल्या सर्वांत मोठ्या रथांपैकी तो एक. विसाव्या शतकात तो आगीत जळाला, पुन्हा उभा राहिला, मध्ये कित्येक वर्षं हललाच नाही, आणि पुन्हा ओढला जाऊ लागला. आज तो चालतो तो तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने बसवलेल्या लोखंडी चाकांवर आणि आसांवर, आणि त्याला हायड्रॉलिक ब्रेक आहेत. वरचं लाकडी कोरीवकाम, बांबूंचा डोलारा, दोर, ओढणारी माणसं, सगळं परंपरेचं. बदललं ते फक्त खालचं, जिथे चूक झाली तर माणसं चाकाखाली जातात. रथ भ्रष्ट झाला असं तिरुवारूरमध्ये कुणी म्हणत नाही, कारण रथ चालण्यासाठी असतो आणि चालणाऱ्या वस्तूला थांबताही आलं पाहिजे. जुन्या गाडीच्या आधुनिकीकरणाचा याहून नेमका नमुना मला दुसरा माहीत नाही. आस, चाकं आणि ब्रेक आजच्या ज्ञानाने करा. बाकीच्याला हात लावण्याआधी कारण द्या.

मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांना एवढं उत्तर पुरावं, पण याच भागात आणखी एक जुनं काम आजही राबतं आहे. कावेरीवरचा कल्लणै, म्हणजे ग्रँड अॅनिकट, करिकाल चोळाच्या नावाने सांगितला जातो. १८०४ मध्ये कॅप्टन कॉल्डवेलने त्याचा अभ्यास करून बांधाची उंची वाढवण्याची सूचना केली, पुढे आर्थर कॉटनच्या काळात गाळ वाहून जावा म्हणून त्यात दारं बसली, नंतर आणखी नियंत्रक दरवाजे आणि वरून पूल झाला. तंजावरची भातशेती आजही त्याच बांधावरून वळवलेल्या पाण्यावर उभी आहे. कॉल्डवेल किंवा कॉटन यांनी तो ‘मूळ स्वरूपात’ जपायचा ठरवला असता तर एव्हाना त्याचं गाळात बुडालेलं एक प्रेक्षणीय स्थळ झालं असतं. उलट तो पाडून नवा बांधायचा ठरवला असता तर शतकानुशतकं टिकलेला पाया वाया गेला असता. जुन्या मोटारींच्या बाबतीत आपल्याकडचा समज मात्र हीच दोन टोकं ओळखतो. एका टोकाला भंगार. दुसऱ्या टोकाला २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे नियम, ज्यांत पन्नास वर्षांहून जुनी, मूळ घडण न बदललेली गाडी ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक घेऊन प्रदर्शनाला किंवा रॅलीला जाऊ शकते, पण रोजच्या रस्त्यावर फिरू शकत नाही. पंचवीस वर्षांची, ब्रेक सुधारलेली, वर्षातून दोनदा लांब जाणारी सुमो या दोन्ही चौकटींत बसत नाही.

कायद्याचं म्हणणं नीट वाचलं तर तो वयाचा तितका आग्रही नाही, जितका तो समजला जातो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेलं वाहन मोडीचं धोरणही खासगी गाड्यांच्या बाबतीत तपासणीत नापास झालेल्या गाड्यांविषयी बोलतं. सरसकट पंधरा वर्षांची रेघ ओढली गेली ती एप्रिल २०२३ पासून सरकारी वाहनांसाठी. दिल्ली परिसराची गोष्ट वेगळी. तिथे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनी १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या बाद झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. पण त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयावरून कारवाई करू नका असं म्हटलं, आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण उत्सर्जनाच्या बीएस-४ आणि त्यापुढच्या मानकांच्या गाड्यांपुरतं ठेवलं. जुन्या जीपवाल्यांना हा दुसरा आदेश आवडला नसेल. मला मात्र त्यातली दिशा महत्त्वाची वाटते, कारण दिल्लीसारख्या अत्यंत विषारी हवेच्या शहरातही मोजमाप वयाकडून उत्सर्जनाकडे सरकतं आहे. उलट दिशेने सरकते आहे ती फी. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी वाढवायला ६०० ऐवजी ५,००० रुपये पडू लागले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ते १०,००० झाले. फी वाढली तेवढी तपासणी खोल गेली असती तर मी या वाढीचं स्वागत केलं असतं. दहा हजार रुपये भरून ब्रेकच्या नळीतला गंज जात नाही.

आता दुरुस्तीच्या बाजूकडे येऊ, कारण नव्या गाडीचे पुरस्कर्ते इथेच सर्वांत जास्त आत्मविश्वासाने बोलतात. त्यांचं म्हणणं असं की लांबच्या प्रवासाला भरवशाची गाडी हवी आणि नवी गाडी कमी बिघडते. कमी बिघडते हे खरं आहे. पण लांबच्या प्रवासात किती वेळा बिघडते याइतकाच, बिघडल्यावर काय होतं हा प्रश्नही मोठा असतो. मराठवाड्यात किंवा माणदेशात उन्हाळ्यात बोअर घ्यायला येणाऱ्या गाड्या आठवून पाहा. त्यांतल्या कितीतरी गाड्यांच्या पाटीवर टीएन ३४ असतं, म्हणजे नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे. त्या गाडीबरोबरची तमिळ पोरं महिनोन् महिने घराबाहेर असतात, गाडीच्या आडोशालाच स्वयंपाक करतात, तिथेच झोपतात, आणि कॉम्प्रेसर किंवा गिअरबॉक्स रुसला तर शेताच्या बांधावर उघडून बसतात. दूरचा प्रवास म्हणजे काय हे परदेशी मासिकांत शोधणाऱ्यांनी या गाड्या एकदा जवळून पाहाव्यात. पुण्याहून बंगळुरू, कृष्णगिरी, सेलम करत तंजावरला जाताना हाच टापू लागतो. नामक्कलला ट्रकच्या बॉड्या बांधतात, जवळच्या करूरला बसच्या. तिथून तिरुचिरापल्ली आणि मग तंजावर, सगळं मिळून बाराशे किलोमीटरच्या आसपास. या वाटेवर लेथ, वेल्डिंग, स्प्रिंगच्या पाट्यांना बाक देणारा लोहार, रेडिएटरची जाळी डाग देऊन बुजवणारा, क्लच प्लेटला नवं अस्तर लावणारा माणूस शोधावा लागत नाही. इथली माणसं लोखंड जाणतात, आणि जुनी गाडी बव्हंशी लोखंडच असते.

नेमकं सांगायचं तर फरक इंधन-यंत्रणेत आहे. नव्वदच्या दशकातल्या डिझेल गाडीला यांत्रिक पंप आणि नोझल असे. बंगळुरूच्या मायको कंपनीने पन्नासच्या दशकापासून हे पंप देशभर पोचवले आणि त्यांच्यामागोमाग तालुक्या-तालुक्याला ‘पंप-नोझल’वाला उभा राहिला. त्याच्याकडे कॅलिब्रेशनचं टेबल असतं, कान तयार असतो, आणि कोणता सिलिंडर कमी मारतोय हे तो नळीचा नट सैल करून सांगतो. आजच्या बीएस-६ डिझेलमध्ये कॉमन रेल, कण अडवणारा फिल्टर, काही गाड्यांत युरियाची टाकी आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारे सेन्सर असतात. हवेसाठी ही यंत्रणा फार चांगली आहे आणि शहरात तिला पर्याय नाही. पण एक सेन्सर गेला तरी गाडी जोर काढून घेते, स्कॅनर जोडल्याशिवाय दोष कळत नाही, आणि तंजावरपुढच्या किनाऱ्यावर वेदारण्यमच्या मिठागरांच्या रस्त्यावर मदतीला येतं ते टोइंगचं वाहनच. म्हणून ज्याला त्याच किनाऱ्यावरच्या कोडिक्करैपर्यंत आडवाटेने जायचं आहे त्याने यांत्रिक पंपाची गाडी निवडली तर ते जुन्याचं वेड ठरत नाही. निवड विचारपूर्वक झालेली असते. सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार परदेशी गाड्यांना लागू आहे. बोलेरो २००० साली आली आणि अजून बनते आहे. सुमो, जिला ती बनवणाऱ्या कंपनीच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं मिळाली, ती १९९४ पासून २०१९ पर्यंत बनत होती. चेन्नईच्या पुदुपेट्टैला आणि मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात या गाड्यांचं सामान मिळतं.

मग आधुनिक काय करायचं? सुरुवात चेसिसपासून. गाडी उघडून, आडव्या पट्ट्यांवर आणि पाट्यांच्या हँगरवर हातोडी मारून पाहायची. ठक्क आवाज येण्याऐवजी पत्रा आत गेला तर पुढचा सगळा खर्च तिथेच थांबवायचा. कोकणात आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात खारा वारा पोकळ भागांत आतून गंज धरतो, म्हणून आतून मेण किंवा तेल फवारणं हे रंगापेक्षा महत्त्वाचं. मग ब्रेक. सुरुवातीच्या विलीज घडणीच्या जीपगाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर एकाच मार्गाचा असे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर आणि पुढच्या चाकांना त्याच कंपनीच्या पुढच्या आवृत्तीतल्या डिस्क बसवणं हे खरं आधुनिकीकरण. ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, त्रिभुज प्रदेशातले रस्ते पाण्याखाली जातात. ड्रममध्ये पाणी आणि चिखल शिरला की पुढचे काही ब्रेक लागतच नाहीत, डिस्क मात्र लवकर कोरड्या होतात. नंतर वायरिंग. जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातून जातो आणि तिथेच तारा तापून वितळतात. रिले आणि वेगवेगळे फ्यूज घातले की आगीचा धोका कमी होतो आणि दिवेही उजळतात. रेडिएटरची नवी जाळी, थर्मोस्टॅट, सगळ्या रबरी नळ्या. तीन बिंदूंचे पट्टे प्रत्येक आसनाला. मागच्या आडव्या, समोरासमोरच्या बाकांना धड पट्टा लागत नाही, ते काढून टाकावेत आणि आसनसंख्येतला बदल आरटीओकडून आरसीवर चढवून घ्यावा. एवढं झालं की गाडी दिसायला फारशी वेगळी दिसत नाही. म्हणूनच अनेकांना या कामात रस नसतो.

लोकांना रस असतो तो वर लावण्याच्या वस्तूंत, आणि जुन्या गाड्यांची बाजू सर्वांत जास्त बिघडवली ती याच हौसेने. गाडी चार इंच उचलायची, रुंद टायर घालायचे, छतावर तंबू, पुढे लोखंडी गार्ड, कपाळावर डोळे दिपवणारे दिवे. यांतल्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम मोजता येतो. गाडी उचलली की गुरुत्वमध्य वर जातो आणि प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडून सांधे झिजतात. जड टायरने ब्रेकवरचा भार वाढतो. छतावर वजन चढवलं की आधीच उंच असलेली गाडी वळणावर उलटायला सोपी होते. पुढच्या गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली, कारण तो पादचाऱ्याचे हाल करतो आणि धडकेचा मार थेट चेसिसला देतो. कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठणकावून सांगितलं. या निकालावर अनेक हौशी नाराज आहेत. मी नाही. रस्ता सगळ्यांचा आहे आणि शेजारच्या सायकलस्वाराला माझ्या गाडीच्या फेरफारांची किंमत मोजायला लावण्याचा मला हक्क नाही. मला त्या कलमाच्या अंमलबजावणीविषयी तक्रार आहे ती एवढीच की ब्रेक सुधारणारा आणि गार्ड लावणारा यांच्यात तिथे फरक केला जात नाही. सुरक्षितता वाढवणाऱ्या बदलांची एक मान्य यादी परिवहन मंत्रालयाने काढली, तपासणीची रीत ठरवून दिली, तर प्रामाणिक माणसाला चोरून काम करावं लागणार नाही. बॅटरीवर किंवा गॅसवर गाडी चालवण्यासाठी बदल करायला कायदा वाट देतो, मग ब्रेकला का देऊ नये?

प्रदूषणाच्या हरकतीला मी शेवटची जागा देत नाही, कारण ती सर्वांत वजनदार आहे. बीएस-२ च्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.०८ ग्रॅम सूक्ष्म कण सोडायची मुभा होती, आणि अवजड वर्गातल्या गाड्यांना त्याहून जास्त. बीएस-६ मध्ये ही मर्यादा ०.००४५ ग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ अठरावा हिस्सा. जुनी गाडी कितीही निगुतीने ठेवली तरी ती हा आकडा गाठणार नाही. ‘पण मी वर्षाला चारच हजार किलोमीटर चालवतो’ हे उत्तरही पुरेसं नाही. कणांच्या हिशेबात ते नव्या गाडीच्या बहात्तर हजार किलोमीटरइतकं भरतं. म्हणून मी स्पष्ट म्हणतो, जुनी डिझेल गाडी पुण्या-मुंबईत रोज कचेरीला नेणं समर्थनीय नाही, आणि ज्या शहरांची हवा आधीच बिघडलेली आहे त्यांनी तिला आत घेऊ नये. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. कण कुठे पडतात याला महत्त्व आहे. कोंडीत अडकलेल्या चौकात सोडलेला धूर आणि पुदुक्कोट्टैच्या माळावर सोडलेला धूर माणसाच्या फुप्फुसाला सारखा लागत नाही. शिवाय एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भागच असतं, बीएस-३ च्या काळात ते ३५० पर्यंत असे. याचा फायदा जुन्या इंजिनालाही मिळतो.

कार्बनचा हिशेब तर जुन्या गाडीच्या बाजूनेच जातो, अट एवढीच की ती कमी चालावी. उदाहरण म्हणून जुन्या गाडीला लिटरमागे १२ आणि नवीला १५ किलोमीटर पडतात असं धरू. वर्षाला ४,००० किलोमीटरला जुनीला सुमारे ३३३ लिटर लागतील, नवीला २६७. बचत ६६-६७ लिटरची, आणि लिटरभर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाला १८० किलोच्या आसपास. एक नवी एसयूव्ही घडवताना पोलाद, अॅल्युमिनियम, काच, रबर यांपायी कित्येक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो सहाच टन धरला तरी या बचतीतून भरून निघायला तेहतीस वर्षं लागतील. तीच गाडी वर्षाला २०,००० किलोमीटर पळणार असेल तर सात वर्षांच्या आत हिशेब पुरा होतो आणि तेव्हा नवी घेणंच शहाणपणाचं. म्हणजे उत्तर गाडीच्या वयात सापडत नाही. ते वापरात सापडतं. कायद्यानेही वापर मोजावा. जर्मनीत तीस वर्षांवरच्या, चांगल्या अवस्थेत राखलेल्या गाडीला तपासणीनंतर ‘एच’ अक्षराची पाटी मिळते आणि ती रस्त्यावर चालते. आपल्याकडे याच धर्तीवर, पण अधिक कडक, असा एक वर्ग करता येईल. वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा, ओडोमीटरची नोंद, दर वर्षी तपासणी, मोठ्या शहरांच्या गाभ्यात बंदी. आणि धुराची तपासणीही खरी हवी. आजच्या पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा फक्त दाटपणा पाहतात; त्या चाचणीवर ना शहरवासीयाने विसंबावं, ना जुन्या गाडीच्या मालकाने तिचा दाखला पुढे करावा.

सुरक्षिततेच्या हरकतीचा एक भाग मला खोडता येत नाही, आणि तो खोडायचा प्रयत्नही करणार नाही. धडक-चाचणीचे नियम आपल्याकडे नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि जुन्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. जिप्सीसारखी गाडी त्याच सुमाराला बंद झाली ती प्रामुख्याने या नियमांमुळे. चुरगळून धडकेचा मार पचवणारा पुढचा भाग आणि एअरबॅग जुन्या चेसिसवर नंतर बसवता येत नाहीत. ज्याला लहान मुलांना घेऊन द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने जायचं आहे त्याने जुनी गाडी घेऊ नये, असं मी निःसंकोच सांगेन. पण आडवाटेच्या प्रवासाचा वेग वेगळा असतो. सत्तरच्या आत चालवणं, अंधार पडायच्या आत मुक्काम करणं, पट्टा बांधणं, वजन आतच आणि खाली ठेवणं, या गोष्टी चालकाच्या हातात आहेत आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेतलं विज्ञान आहे. शंभरऐवजी सत्तरने जाणारी गाडी धडकेत निम्मीच ऊर्जा घेऊन येते. एअरबॅगची उणीव याने भरून निघत नाही, पण धोका किती घ्यायचा हे जाणतेपणी ठरवता येतं. आणि जो धोका चालकाच्या हातात नाही, म्हणजे कुजलेली ब्रेकची नळी, झिजलेला किंगपिन, दहा वर्षांपूर्वीचा टायर, तो शोधून काढण्याची जबाबदारी तपासणीची आहे. सहा वर्षांच्या गाडीचाही किंगपिन झिजतो.

राहिला एक आरोप, की हे सगळं पैसेवाल्यांचं परदेशी खूळ आहे. तंजावरला उभं राहून हे म्हणता येणार नाही. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी १८२० मध्ये मोठा लवाजमा घेऊन तंजावरहून काशीला निघाले, आणि त्या यात्रेचं मराठी वर्णन ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ या नावाने उरलं आहे. त्याआधी १७९९ च्या तहाने राज्य इंग्रजांकडे गेलं तेव्हा त्यांनी जिवापाड धरून ठेवल्या त्या रामेश्वराच्या वाटेवरच्या छत्रांच्या, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळांच्या, व्यवस्था. १८०१ मध्ये रेसिडेंट टॉरिन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं की या छत्रांत वाटसरूला जेवण मिळतं, आजाऱ्याला वैद्य मिळतो, कुणी वाटेत मेला तर त्याचे संस्कार होतात आणि त्याच्या पोरक्या मुलांना सांभाळून शिकवलं जातं. तंजावरजवळ ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र आजही उभं आहे. ज्या मराठी राजांनी परमुलखात राहून परक्या वाटसरूंसाठी एवढं केलं त्यांना एक गोष्ट कळली होती, की लांबचा प्रवास वाहनाच्या जोरावर होत नाही, वाटेवरच्या माणसांच्या जोरावर होतो. दुरुस्त करता येणारी गाडी माणसाला त्या माणसांपर्यंत नेते. तिच्यावर खर्च झालेला पैसाही बराचसा मिस्तरीच्या, टिंकरच्या, लेथवाल्याच्या मजुरीत जातो. पंप-नोझलवाल्याची विद्या त्याच्या मुलाने शिकावी की नाही, हेही आपण किती गाड्या चालू ठेवतो यावर ठरणार आहे.

तेव्हा माझी मागणी दोघांकडे आहे. परिवहन खात्याने उभ्या राहत असलेल्या स्वयंचलित तपासणी केंद्रांत प्रत्येक जुन्या गाडीचे ब्रेक रोलरवर घ्यावेत, खाली उतरून चेसिस पाहावी, धूर नीट मोजावा आणि नापास झालेली गाडी वय न पाहता रस्त्यावरून काढावी. पास झालेल्या गाडीला वयाचा दंड लावू नये. आणि ज्यांच्या अंगणात एखादी सुमो किंवा जीप ताडपत्रीखाली उभी आहे त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी एका जाणत्या मिस्तरीला बोलवावं आणि फक्त चेसिस दाखवावी. ती कुजली असेल तर गाडी सोडून द्या. शाबूत असेल तर पहिले पैसे ब्रेकवर घाला.